वाचकांचे प्रश्न : डोळा तिरळा दिसतो तेव्हा

गेल्या अंकात मोतीबिंदूवरच्या प्रश्नांना उत्तरे देताना मी ओघात लिहून गेले होते, की लहान मुलाचा डोळा तिरळा दिसत असेल तर "मोठा झाला की बघू" असे म्हणून थांबू नये. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला द्यावे असे संपादकांनी आणि मी ठरवले. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि कोणाचेही नाव दिलेले नाही. इंदूरमध्ये डोळ्यांच्या दवाखान्यात बसून मला तीस वर्षे होत आली. या काळात सर्वांत जास्त हळहळ मला अशा मुलांची वाटली, ज्यांचा डोळा चार वर्षे आधी दाखवला असता तर वाचला असता. म्हणून काही उत्तरे लांबली आहेत.

प्रश्न : माझी नात पाच महिन्यांची आहे. तिचा डावा डोळा अधूनमधून नाकाकडे गेल्यासारखा वाटतो. सूनबाईला काळजी वाटते, आमच्या जाऊबाई म्हणतात की तान्ह्या बाळांचे असेच असते, आणि शेजारच्या काकू तर म्हणतात की किंचित तिरळेपणा भाग्याचा असतो. कोणाचे ऐकावे? — एक आजी, सुदामा नगर

उत्तर : आजी, या वेळी सूनबाईंचे ऐका. जाऊबाईंचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, फक्त त्याची मुदत संपली आहे. दोन्ही डोळे एकाच वस्तूवर रोखण्याची कला बाळ जन्मतः घेऊन येत नाही. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू असतात, आणि दोन्ही डोळ्यांच्या बारा स्नायूंना एका लयीत हलवण्याचे काम मेंदू पहिल्या तीन-चार महिन्यांत शिकत असतो. त्या काळात डोळा मधूनच सरकला आणि लगेच परत आला तर ते चालण्यासारखे असते. चार महिने उलटल्यावरही डोळा सरकत असेल, किंवा कोणत्याही वयात तो सतत एकाच बाजूला वळलेला राहत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

आता दुसरी शक्यता सांगते, कारण ती पुष्कळ वेळा खरी निघते. तान्ह्या बाळाच्या नाकाचे हाड बसके असते आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी आलेली असते. त्या घडीखाली नाकाकडचा पांढरा भाग झाकला जातो आणि डोळे सरळ असूनही आत वळल्यासारखे दिसतात. हा तिरळेपणाचा नुसता भास असतो. खरा आणि भासमान तिरळेपणा ओळखण्याची एक साधी युक्ती एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या हिर्शबर्ग या नेत्रवैद्याने दाखवून दिली आणि ती आजही आम्ही रोज वापरतो. बाळाच्या समोर हातभर अंतरावरून क्षणभर छोट्या टॉर्चचा प्रकाश दाखवला की दोन्ही बाहुल्यांत एकेक चमकता ठिपका दिसतो. दोन्ही ठिपके बाहुल्यांत सारख्याच जागी असतील तर डोळे बहुधा सरळ आहेत. एका डोळ्यात ठिपका बाहुलीच्या मध्यावर आणि दुसऱ्यात कानाकडच्या कडेला गेलेला असेल तर तो दुसरा डोळा आत वळलेला आहे. ठिपका एक मिलिमीटर सरकला तर डोळा साधारण 7 अंशांनी वळलेला असतो, इतकी ही खूण बोलकी आहे. मोबाइलवर फ्लॅशने काढलेल्या समोरासमोरच्या फोटोतही हे ठिपके दिसतात. मागच्या महिन्यात एक आई फोनमधले बारशाचे सगळे फोटो मोठे करून दाखवत होती, आणि तिसऱ्याच फोटोत मला हवे ते दिसले. तुम्हीही असे फोटो घेऊन जा, पण ठिपके सारखे दिसले म्हणून तपासणी टाळू नका. डोळा अधूनमधूनच सरकत असेल तर फोटोच्या क्षणी तो सरळही असू शकतो.

त्याच फोटोंत आणखी एक गोष्ट मुद्दाम पाहा. फ्लॅशच्या फोटोत बाहुली लाल दिसते, हे आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे आहे. एका डोळ्याची बाहुली लाल न दिसता पांढरी, मांजराच्या डोळ्यासारखी चमकत असेल, तर पुढच्या आठवड्याची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जन्मजात मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्यावरची गाठ, म्हणजे रेटिनोब्लास्टोमा नावाचा लहान मुलांचा कर्करोग, यांची पहिली खूण कधी अशी पांढरी चमक असते, तर कधी नुसता तिरळेपणा. ही गाठ लवकर सापडली तर मूल वाचते आणि अनेकदा डोळाही वाचतो. हे आजार विरळ आहेत आणि तुमच्या नातीला तसे काही असेल असे मला मुळीच सुचवायचे नाही. पण तिरळेपणासाठी आलेल्या प्रत्येक बाळाचा पडदा आम्ही औषध घालून का तपासतो, याचे कारण हे आहे.

काकू प्रेमाने बोलल्या असतील, परंतु हे "भाग्य" मानून थांबलेल्या घरांतली मुले शाळेत गेल्यावर माझ्याकडे येतात, आणि तोवर त्या डोळ्याची नजर कमी झालेली असते.

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी त्याला ताप येऊन गेला, तेव्हापासून उजवा डोळा आत वळू लागला. डॉक्टरांनी प्लस 5 नंबरचा चष्मा दिला. चष्मा लावला की डोळे सरळ असतात, काढला की डोळा आत जातो, आणि आता तर पहिल्यापेक्षाही जास्त आत जातो असे वाटते. सासरे म्हणतात चष्म्यानेच डोळा बिघडवला. ऑपरेशन करून त्याला चष्म्यातून मोकळे करता येईल का? — एक आई, तिळक नगर

उत्तर : ताई, तुमच्या मुलाचा चष्मा हाच त्याचा उपचार आहे, आणि तो उत्तम लागू पडतो आहे हे तुमच्याच पत्रातून दिसते.

प्लसचा नंबर असलेल्या मुलाला स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्यातले भिंग सतत फुगवावे लागते. जवळचे पाहताना आपण सगळेच भिंग फुगवतो आणि त्याच वेळी दोन्ही डोळे नाकाकडे वळवतो. मेंदूने या दोन हालचाली एकमेकींना जोडून ठेवल्या आहेत. प्लस 5 च्या मुलाला दूरचे झाड पाहतानाही भिंग फुगवावे लागते आणि त्यासोबत डोळे आत वळण्याची आज्ञा सुटते. बहुतेक वेळ तो ती आज्ञा दाबून धरतो, पण ताप, थकवा किंवा आजारपण आले की पकड सुटते आणि डोळा आत जातो. म्हणजे तापाने डोळा वळवला नाही, आधीपासून असलेला ताण तापाने उघडा केला. नेदरलँड्सच्या डोंडर्स यांनी 1864 साली प्लस नंबर आणि आत वळणारा डोळा यांचे हे नाते मांडले, आणि आपला उपचार आजही त्यावरच उभा आहे: पूर्ण नंबरचा चष्मा दिला की भिंगाला कष्ट उरत नाहीत, आणि कष्ट नाहीत म्हणून डोळा वळत नाही.

चष्मा काढल्यावर डोळा जास्त आत जातो, कारण आता मुलाला स्पष्ट पाहण्याची सवय लागली आहे. चष्मा काढताच तो तेवढेच स्पष्ट पाहण्यासाठी पूर्ण जोर लावतो. सासऱ्यांना एवढेच सांगा, की चष्म्याने डोळा बिघडला असता तर चष्मा लावूनही तो वाकडाच राहिला असता.

ऑपरेशनचा मोह मात्र आवरा. चष्म्याने पूर्ण सरळ होणाऱ्या डोळ्याचे स्नायू शस्त्रक्रियेने हलवले, तर पुढे तोच डोळा उलट बाहेर जाण्याची शक्यता असते. चष्मा लावूनही जो तिरळेपणा शिल्लक राहतो, तेवढ्यापुरतीच शस्त्रक्रिया करायची असते. दूरचे पाहताना डोळे सरळ आणि पुस्तक पाहताना आत जात असतील तर दोन भागांचा, म्हणजे बायफोकल, चष्मा लागतो. याकडे घरी लक्ष ठेवा. प्लसचा नंबर सहा-सात वर्षांपर्यंत थोडा वाढूही शकतो आणि त्यानंतर अनेक मुलांत हळूहळू उतरतो. काहींचा चष्मा मोठेपणी सुटतो, काहींचा राहतो.

एक सूचना नंबर काढण्याविषयी. लहान मुलाचा नंबर डोळ्यांत औषध न घालता काढला तर तो खूपदा कमी येतो, कारण मूल तपासणीच्या वेळीही भिंग फुगवत असते. म्हणून आम्ही तीन दिवस ॲट्रोपिनचे मलम घालायला सांगतो. त्यामुळे बाहुली मोठी होते आणि आठ-दहा दिवस ऊन सहन होत नाही; मुलाला टोपी घालावी आणि शाळेत बाईंना सांगून ठेवावे. मलम घातल्यावर चेहरा लाल झाला, ताप चढला किंवा मूल बावचळल्यासारखे वागू लागले तर मलम बंद करून लगेच डॉक्टरांना कळवावे. ट्यूब मुलांच्या हाती लागू देऊ नये.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची आहे. शाळेतल्या तपासणीत कळले की तिला डाव्या डोळ्याने फार कमी दिसते. डोळा थोडासा तिरळा आहे, पण आम्हाला तो कधी जाणवला नव्हता. चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावायला सांगितली आहे, पण ती दहा मिनिटांत ओढून काढते आणि रडते. चांगला डोळा झाकून त्याचे नुकसान तर होणार नाही? — एक बाबा, लोकमान्य नगर

उत्तर : भाऊसाहेब, पट्टी सोडू नका. हे उत्तर सविस्तर देते, कारण तिरळेपणातले खरे नुकसान चेहऱ्यावर दिसत नाही, ते इथे होते.

दोन डोळे दोन दिशांना पाहू लागले की मेंदूला दोन वेगळी चित्रे मिळतात. मोठ्या माणसाला अशा वेळी एकाचे दोन दिसते. लहान मुलाचा मेंदू मात्र लवचीक असतो; तो वळलेल्या डोळ्याचे चित्र सरळ नाकारतो. मुलाला त्रास होत नाही म्हणून ते तक्रार करत नाही, आणि आईबापांना कळत नाही. महिनोन्‌महिने चित्र नाकारले गेले की त्या डोळ्याचा मेंदूशी असलेला व्यवहार अर्धवट राहतो. डोळा वरून निरोगी, पडदा निरोगी, पण दृष्टी कमी. यालाच आळशी डोळा किंवा वैद्यकीय भाषेत ॲम्ब्लायोपिया म्हणतात. ह्यूबेल आणि वीझेल या दोन शास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ शिवून बंद ठेवला आणि दाखवून दिले, की वाढीच्या ठरावीक काळात डोळ्याला चित्र मिळाले नाही तर मेंदूतली त्याची जागा दुसरा डोळा बळकावतो. मोठ्या मांजरावर तोच प्रयोग केला तर तसे काही होत नाही. त्यांना 1981 चे नोबेल पारितोषिक मिळाले. तुमच्या मुलीची पट्टी म्हणजे तेच ज्ञान उलट बाजूने वापरणे आहे: बळकावलेली जागा परत मिळावी म्हणून चांगल्या डोळ्याला थोडा वेळ थांबायला सांगायचे.

सहा वर्षे हे वय उशिराचे असले तरी हातातून गेलेले नाही. अमेरिकेत 2003 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांतून असे दिसले, की सात वर्षांखालच्या मुलांत दृष्टी मध्यम प्रमाणात कमी असेल तर रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी ठरते, आणि दृष्टी फार कमी असेल तर सहा तासांची पट्टी दिवसभराच्या पट्टीइतकी. पुढे 2005 साली सात ते सतरा वयाच्या मुलांवरही काम झाले आणि त्यातल्या अनेकांना, विशेषतः ज्यांचा पूर्वी काहीच उपचार झाला नव्हता अशांना, फायदा झाला. म्हणून "सात वर्षांनंतर काही होत नाही" हे जुने वाक्य आता आम्ही बोलत नाही. तास किती ते तुमचे डॉक्टर ठरवतील. चष्म्याचा नंबर असेल तर आधी चष्मा आणि मग पट्टी, हा क्रम मात्र मोडू नका.

आता ती पट्टी ओढते त्याविषयी. तिला दहा मिनिटांत काय वाटत असेल ते पाहा: आपल्याला जसे स्वच्छ दिसते तसे तिला चांगल्या डोळ्याने दिसत होते, आणि आपण तो डोळा बंद करून तिला धुक्यात उभे केले. ती हट्टी नाही, ती घाबरली आहे. म्हणून पट्टी लावून तिला एकटी सोडू नका. पट्टीच्या वेळेत हाताने करायचे, बारीक आणि तिला आवडेल असे काम द्या. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीची आजी सकाळच्या पोह्यांवर मुद्दाम डाळिंबाचे दाणे पसरून ताटली तिच्यापुढे ठेवायची आणि म्हणायची, "आधी लाल वेच, मग शेव वेच, मग खा." दुसऱ्या आठवड्यात मूग आणि मटकी एका ताटात मिसळून वेगळी करणे, तिसऱ्यात मण्यांची माळ. तीन महिन्यांनी ती मुलगी तक्त्यावरच्या चार ओळी जास्त वाचत होती. टीव्ही लावून दिला तरी काही नसण्यापेक्षा बरा, पण वेचण्याला आणि ओवण्याला तोड नाही.

पट्टी कातडीला चिकटणारी असावी आणि चष्म्याच्या आत, डोळ्यावर लावावी. चष्म्याच्या काचेवर कापड लावले की मूल नाकाच्या बाजूने हळूच बघते. पट्टी काढताना कोमट पाण्याने भिजवून काढा म्हणजे कातडी सोलणार नाही. खरोखरच जमत नसेल तर चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब घालून त्याची नजर तात्पुरती धूसर करण्याचा पर्याय आहे, आणि मध्यम आळशी डोळ्यात तोही पट्टीइतका चालतो. पण तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

चांगल्या डोळ्याचे नुकसान होईल का, हा प्रश्न योग्य आहे. अति पट्टीने क्वचित चांगल्या डोळ्याची दृष्टी कमी होते आणि ती बहुतेक वेळा परत येते. यासाठीच ठरलेल्या तारखेला दाखवायला जायचे असते. पट्टी घेऊन गेलेली आणि वर्षभराने उगवलेली मुले मी पाहिली आहेत. कृपया तसे करू नका. आणि एक लक्षात ठेवा: पट्टीने दृष्टी सुधारते, डोळा सरळ होतोच असे नाही. तिरळेपणा राहिला तर त्याचा विचार दृष्टी सुधारल्यावर करू.

प्रश्न : डोळ्यांचे व्यायाम करून तिरळेपणा जातो असे व्हिडिओत सांगतात. खरे आहे का? — एक विद्यार्थी, परदेशीपुरा

उत्तर : एका ठरावीक तक्रारीत खरे आहे. जवळचे वाचताना डोळे पुरेसे आत वळत नाहीत, डोके दुखते, ओळी एकमेकींत मिसळतात, अशी तक्रार असेल तर पेन्सिलचे टोक नाकाकडे आणण्याच्या आणि दवाखान्यात शिकवल्या जाणाऱ्या व्यायामांचा चांगला उपयोग होतो. सतत आत किंवा बाहेर वळलेला डोळा व्यायामाने सरळ होत नाही. लहान मुलाला व्हिडिओ पाहून व्यायाम करायला लावण्यात जे सहा महिने जातात, ते त्याच्या पट्टीचे आणि चष्म्याचे सहा महिने असतात.

प्रश्न : माझे वय 27, बँकेत नोकरी आहे. डावा डोळा लहानपणापासून बाहेर जातो. काउंटरवर समोरच्या ग्राहकाशी बोलते तेव्हा तो मागे वळून बघतो, की मी कोणाशी बोलते आहे. घरात स्थळे बघणे सुरू आहे, म्हणून आई लपवायला सांगते. लहानपणी डॉक्टर म्हणाले होते की आता उशीर झाला. खरोखर उशीर झाला का? — स्नेहलतागंज

उत्तर : नाही. डोळा सरळ करायला उशीर होत नाही. डाव्या डोळ्याची दृष्टी लहानपणीच कमी झाली असेल तर ती परत आणायला उशीर झाला असेल, आणि तुमच्या डॉक्टरांचा आशय बहुधा तोच असावा; पण या दोन गोष्टी एकत्र झाल्यामुळे आपल्याकडे कितीतरी माणसे पन्नाशीपर्यंत मान खाली घालून बोलतात.

मोठ्या वयातली ही शस्त्रक्रिया निव्वळ सौंदर्यासाठी असते असे म्हणणारे चूक करतात. समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलता येणे ही माणसाची गरज आहे, आणि काहींना शस्त्रक्रियेनंतर दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहण्याची शक्तीही थोडीफार परत मिळते.

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात, ते सांगते, कारण "डोळा बाहेर काढून परत बसवतात" असे मला आजही दर आठवड्याला कोणीतरी विचारते. डोळा बाहेर काढत नाहीत आणि त्याच्या आतही जात नाहीत. डोळ्यावरच्या पातळ पारदर्शक पडद्याला एक छोटा छेद देतात, त्याखालचा स्नायू डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जिथे चिकटलेला असतो तिथून सोडवतात, आणि ठरवलेल्या अंतरावर मागे नेऊन पुन्हा शिवतात, म्हणजे त्याची ओढ सैल होते. किंवा त्याचा थोडा भाग काढून आखूड करतात, म्हणजे ओढ वाढते. नाकाकडचा स्नायू बुबुळाच्या कडेपासून 5.5 मिलिमीटरवर चिकटलेला असतो, आणि आमचे सगळे मोजमाप अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरचे असते. टाके आपोआप विरघळतात. बहुतेकांना त्याच दिवशी घरी जाता येते. डोळा दोन-तीन आठवडे लाल दिसतो आणि पहिले काही दिवस खुपतो. बर्लिनमध्ये 1839 साली डीफेनबाख यांनी सात वर्षांच्या मुलावर ही शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी केली तेव्हा भूल देण्याची सोयही नव्हती. त्या मुलाची आठवण मला दर वेळी होते. आज मुलांना पूर्ण भूल देतात, आणि तुमच्या वयात काही वेळा जागा बधिर करूनही करता येते.

तीन गोष्टी आधीच समजून घ्या. पहिली, एका शस्त्रक्रियेत डोळा मनासारखा सरळ होईलच असे नाही. काहींना पुढे दुसरी करावी लागते, आणि ती डॉक्टरांची चूक असतेच असे नाही. दुसरी, तुमच्या सरळ डोळ्याचेही स्नायू हलवावे लागू शकतात, कारण दोन्ही डोळ्यांचा तोल एकत्र असतो. तिसरी, मेंदूला वाकड्या डोळ्याची सवय झालेली असते, त्यामुळे नंतर काही दिवस दोन दोन दिसू शकते; कायमचे तसे होण्याची शक्यता कमी असते, आणि ती आधीच प्रिझमची काच धरून तपासता येते. ती तपासणी मागून घ्या.

खर्चाचा अंदाज खासगी आणि सरकारी दोन्ही ठिकाणी विचारा. इंदूरमध्ये महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेली सरकारी नेत्रसेवा आहे, आणि घरात आयुष्मान कार्ड असेल तर त्या खिडकीवर तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेविषयी जरूर चौकशी करा.

स्थळांविषयी मला विचारलेले नाही, तरी आईंना माझा नमस्कार सांगून एवढे सांगा, की लपवण्यासारखे यात काही नाही. शस्त्रक्रिया करायची ती बघायला येणाऱ्यांसाठी करू नका, त्या काउंटरवर बसणाऱ्या तुमच्यासाठी करा.

प्रश्न : बोटॉक्सने तिरळेपणा बरा होतो का? — रामबाग

उत्तर : काही प्रकारांत. सुरकुत्यांसाठी नाव झालेले हे औषध मुळात तिरळेपणासाठीच तयार झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट यांनी शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून ते शोधले आणि 1989 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्या आवळण्याच्या विकारासाठी. जोरात ओढणारा स्नायू ते काही महिने सैल करते. छोटा तिरळेपणा किंवा नुकताच लुळा पडलेला स्नायू यांत उपयोग होतो. मोठ्या, जुन्या तिरळेपणात शस्त्रक्रियेची जागा ते घेत नाही.

प्रश्न : वय 63, पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. परवा सकाळी फिरायला गेलो तर रस्त्यावर दोन दोन गाड्या दिसू लागल्या. आरशात पाहिले तर उजवा डोळा आत गेलेला. एक डोळा मिटला की एकच दिसते. म्हातारपणी डोळा तिरळा होतो का? घरचे म्हणतात अशक्तपणा असेल, दोन-चार दिवस बघू. — नारायण बाग

उत्तर : काका, पत्र हाती येताच आम्ही तुम्हाला फोनवर कळवले, पण इतर वाचकांसाठी इथेही लिहिते. मोठ्या वयात अचानक डोळा वळला आणि दोन दिसू लागले तर थांबायचे नाही, त्याच दिवशी दाखवायचे.

तुम्हाला झालेला प्रकार बहुधा सहाव्या मज्जातंतूचा आहे. हा मज्जातंतू डोळा बाहेर वळवणाऱ्या एकाच स्नायूला चालवतो. मधुमेह आणि रक्तदाब यांमुळे त्याला रक्त पुरवणारी बारीक वाहिनी बंद पडली की तो काही काळ काम थांबवतो आणि डोळा आत ओढला जातो. दिलासा हा, की या कारणाने झालेला प्रकार बहुतेक वेळा तीन महिन्यांच्या आसपास आपोआप सुधारतो. पण कारण तेच आहे हे तपासून ठरवावे लागते. मेंदूतला दाब, गाठ किंवा पक्षाघात हेही असू शकते.

पुढील खुणा दिसल्या तर डोळ्याच्या दवाखान्याची वेळ पाहत बसू नये, थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे: पापणी खाली लोंबली आहे आणि त्याच डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी झाली आहे, आजवर कधी दुखले नाही इतके डोके दुखते आहे, बोलणे अडखळते, हात किंवा पाय लुळा पडतो, तोंड वाकडे होते. लोंबलेली पापणी आणि मोठी बाहुली एकत्र असतील तर मेंदूतली रक्तवाहिनी फुगली असण्याची शक्यता असते, आणि ती फुटण्याआधी गाठायची असते. कपाळाची बाजू दुखणे आणि चावताना जबडा दुखणे हेही डॉक्टरांना न विसरता सांगावे. दिवसा ठीक आणि संध्याकाळी दोन दिसणे, पापणी जड होणे, अशी चढ-उतार असेल तर स्नायू लवकर थकवणारा मायस्थेनिया हा आजार तपासावा लागतो.

तोवर एका डोळ्यावर पट्टी लावा किंवा चष्म्याच्या एका काचेला अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे जिना उतरताना पडणार नाही. गाडी चालवू नका. चष्म्यावर चिकटवायची प्रिझमची पातळ फिल्म मिळते, तिने अनेकांचे दोन दिसणे तात्पुरते थांबते. सहा महिन्यांनंतरही डोळा तसाच राहिला तरच शस्त्रक्रियेचा विचार करू. साखर आणि रक्तदाब आजपासून काटेकोर ठेवा.

प्रश्न : आमचा आठ वर्षांचा मुलगा टीव्ही बघताना मान डाव्या खांद्याकडे कलती ठेवतो. सरळ कर म्हटले की करतो, पुन्हा तसाच बसतो. मानेच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही नाही. वर गच्चीवर उन्हात गेला की एक डोळा मिटतो. याचा डोळ्यांशी संबंध असेल का? — एक आई, राजवाड्याजवळ

उत्तर : ताई, असू शकतो, आणि तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी फार नेमक्या टिपल्या आहेत.

डोळा फिरवणाऱ्या तिरक्या स्नायूंपैकी एक जन्मतः कमजोर असेल तर एक डोळा किंचित वर जातो. मान विरुद्ध खांद्याकडे कलवली की दोन्ही डोळ्यांची चित्रे जुळतात, म्हणून मूल नकळत तसे बसते. तुमच्या मुलाच्या बाबतीत उजव्या डोळ्याचा स्नायू कमजोर असण्याची शक्यता आधी तपासली जाईल. अशा मुलाला "मान सरळ ठेव" म्हणून रागावू नका. एक दिसावे म्हणून त्याने शोधलेला तो उपाय आहे. उन्हात एक डोळा मिटणे ही दुसरी खूण बहुधा बाहेर सरकणाऱ्या डोळ्याची असते. असा डोळा घरात, जवळचे पाहताना सरळ असतो आणि मूल थकले, झोपेला आले, दूर पाहू लागले की बाहेर जातो. आईबाप डॉक्टरांपुढे नेतात तेव्हा नेमका सरळ असतो. म्हणून संध्याकाळी दमलेला असताना, त्याला कळू न देता, समोरून आणि लांबच्या वस्तूकडे बघतानाचे मोबाइलवर छोटे चित्रीकरण करून ठेवा.

डॉक्टरांकडे जाताना त्याचे तान्हेपणापासूनचे फोटो घेऊन जा, अगदी पहिल्या वाढदिवसाचे आणि गणपतीत आरतीच्या वेळी काढलेलेही. दुपट्यातल्या फोटोतही मान कलती असेल तर हा जन्मतःचा दोष आहे आणि शांतपणे उपचार ठरवता येतील. मान याच वर्षी कलू लागली असेल तर डॉक्टर अधिक तपासण्या सांगतील, आणि त्या लांबणीवर टाकू नका.